ह्यूस्टन महाग नव्हतं, तुझा आळस महाग पडला

मान खाली घालू नकोस, माझ्याकडे बघ. ह्यूस्टनला गेलो, खिसा रिकामा झाला आणि बघण्यासारखं काही नव्हतंच, असं तू गावभर सांगत सुटला आहेस. परवा तुझ्या आईला मुद्दाम विचारलं, काय काय पाहिलंत? म्हणाली, "हॉटेलच्या खिडकीतून हायवे पाहिला हो, बाई. पोराला खर्चात कशाला पाडायचं, म्हणून आम्ही काही म्हटलंच नाही." हे ऐकून माझ्या जिवाचा संताप झाला. ऑफिसच्या कामाला जोडून आई-बाबांना नेलंस, हे चांगलं केलंस. पण नेऊन ठेवलंस कुठे, तर खोलीत!

भूगोल मीच शिकवला होता ना तुला? मग नकाशा का उघडला नाहीस? ह्यूस्टन शहराचा पसारा 1600 चौरस किलोमीटरच्या वर आहे, बृहन्मुंबईच्या अडीचपटीहून जास्त. अशा ठिकाणी हायवेच्या कडेची स्वस्त खोली घेतली की पाऊल बाहेर टाकलं तरी टॅक्सी लागणार, हे कळायला परदेशी जावं लागत नाही. वर खोलीच्या भाड्यावर 17 टक्के कर असतो, तोही बिल हातात पडल्यावर समजला तुला. भर शहरातली कचेऱ्यांच्या भागातली हॉटेलं शनिवार-रविवारी पुष्कळदा उतरत्या भावात मिळतात, कारण कामाला आलेली माणसं शुक्रवारीच निघून जातात. एक संध्याकाळ चौकशीला दिली असतीस तर हे कळलं असतं.

आणि बस? "तिथे बसने कोण जातं" म्हणे! मी जाते. माझी भाची तिथे राहते, तिची गाडी दारात असताना मी बसने आणि ट्रामने फिरले. तिथल्या बस-ट्रामचं भाडं सव्वा डॉलर, आणि कार्डाने पैसे भरले तर तीन तासांत दुसरी गाडी बदलायला वेगळे पैसे नाहीत. मोठ्या विमानतळावरून 102 नंबरची बस त्याच भाड्यात शहरात येते. तू टॅक्सीला पन्नास डॉलरच्या वर मोजलेस. तुझ्या वडिलांनी एसटीने अर्धा महाराष्ट्र पालथा घातलाय. त्यांना बस चालली असती. तुलाच कमीपणा वाटला.

आता फुकटाचं ऐक. मेनिल संग्रहालय 1987 पासून उघडं आहे, प्रवेशाला छदाम पडत नाही. फक्त सोमवार-मंगळवार बंद असतं. तिथून चालत गेलं की रॉथ्को चॅपल. आत मार्क रॉथ्कोची चौदा चित्रं, जवळजवळ काळी. पहिल्यांदा डोळ्यांना नुसता अंधार दिसतो. बाकावर दहा मिनिटं गप्प बसलं की त्या काळ्यातून जांभळा, तांबूस असे रंग हळूहळू वर येतात, आणि वरून येणारा उजेड ढगाआड गेला की पुन्हा बदलतात. रोज पूजेनंतर डोळे मिटून बसणाऱ्या तुझ्या वडिलांना तिथून उठवावं लागलं असतं. त्यांना तू काय दाखवलंस? मॉल!

मोठं कलासंग्रहालय गुरुवारी मोफत असतं. तांबड्या मार्गाच्या ट्रामने हर्मन पार्कला उतरलं की जपानी बाग मोफत. तिथेच मिलर आउटडोअर थिएटर आहे, 1923 पासूनचं. मार्च ते नोव्हेंबर गाणं, नाच, नाटक, सगळं विनामूल्य. छपराखालच्या खुर्च्यांना फुकटचीच तिकिटं लागतात, समोरच्या टेकडीवर तीही नाहीत. चटई टाकायची आणि बसायचं. शहरात दुसरीकडे, अंधार पडायच्या सुमाराला वॉ पुलाखालून वटवाघळांचे थवेच्या थवे निघतात. आधी वास येतो, मग चिवचिवाट, आणि मग बफेलो बायू नावाच्या ओढ्याच्या पाण्यावरून काळा पट्टा लांबत जातो. तुझी आई महिनाभर त्याचंच वर्णन करत राहिली असती.

खायचं म्हणशील, तर शाकाहारी माणसांना चार दिवस बटाट्याच्या काड्यांवर ठेवलंस. हिलक्रॉफ्टवर महात्मा गांधी डिस्ट्रिक्ट नावाचा अख्खा देशी भाग आहे. गरम थाळी मिळाली असती त्यांना.

सगळंच स्वस्तात होतं असं मी म्हणत नाही. स्पेस सेंटर लांब आहे आणि तिकीट चांगलंच महाग आहे. पण तिथे 110 मीटर लांबीचं खरं सॅटर्न-5 रॉकेट आडवं ठेवलंय. जिथे पैसे टाकायचे तिथे टाकावेत, एक दिवस गाडी भाड्याने घ्यावी. तुझे पैसे टॅक्सीत संपले, म्हणून नेमकं हेच राहिलं.

पुढच्या वर्षी पुन्हा नेणार आहेस ना? जून ते सप्टेंबर अजिबात नको, त्या दमट उकाड्यात म्हाताऱ्यांचे हाल होतील. मार्चमध्ये रोडिओची जत्रा असते, तेव्हा खोल्या महागतात. नोव्हेंबर धर. कोणत्या दिवशी काय मोफत, कोणती बस, मुक्काम कुठे, सगळं कागदावर मांड आणि रविवारी सकाळी माझ्याकडे घेऊन ये. आईलाही बरोबर आण. तिला काय बघायचंय ते आधी तिला विचारायचं, आणि ते कागदावर सगळ्यात वर लिहायचं.