खोकी उघडायला घाबरतोस का?

आणखी एक लॉट जिंकलास म्हणे. जिंकलास! चाळीस डॉलरच्या वर जायचं नाही असं ठरवून बसलास आणि शेवटच्या दोन मिनिटांत सत्त्याऐंशीला उचललास. वर टपालखर्च वेगळा. याला जिंकणं म्हणतात होय रे?

संख्याशास्त्राची पदवी आहे तुझ्याकडे. दिवसभर विमा कंपनीत बसून लोकांच्या जोखमीला भाव लावतोस. मग रात्री गुडविल या दानसंस्थेच्या ऑनलाइन लिलावात 'दहा पौंड मिश्र कार्डं, आहेत तशी' एवढी ओळ आणि एक अंधूक फोटो दिसला की ती अक्कल कुठे जाते? दहा पौंड म्हणजे अडीच हजारांच्या आसपास कार्डं. फोटोत दिसतात चाळीस. बाकीच्यांत काय आहे, हे तुला कुणी येऊन सांगितलं?

तुझं उत्तर मला पाठ आहे. 'सर, आपण काय विकतोय हे त्यांना कळत नाही.' अरे, दानात आलेल्या ढिगातून ज्याने ही कार्डं बाजूला काढली, दुकानाच्या फळीवर न ठेवता मुद्दाम लिलावाला लावली, त्याला कळत नाही? हा लिलाव १९९९ पासून चालू आहे. पोकेमॉनचा चारिझार्ड म्हणजे काय हे तिथल्या पोराटोरांना तुझ्याआधी ठाऊक असतं. त्याच्याही आधी ज्या घरातून ती कार्डं आली, तिथल्या कुणीतरी चांगली तेवढी उचलून घेतलेली असतात. उरतो गाळ. तो तुझ्या दारात येतो, आणि तू त्याला 'घबाड' म्हणतोस.

मेक्सिकोच्या आखातातल्या तेलपट्ट्यांच्या लिलावांवर केपन, क्लॅप आणि कॅम्पबेल या तीन अभियंत्यांनी १९७१ मध्ये लिहिलेला निबंध आठवतो? आत काय आहे हे कुणालाच नक्की माहीत नसतं, तेव्हा ज्याचा अंदाज सगळ्यांत फुगलेला, त्याच्याच गळ्यात माल पडतो. मीच वाचायला दिला होता. त्यावर तू काय सुरेख लिहिलं होतंस! मार्कही मीच दिले. आता वाटतं, उगाच दिले.

आणि बेसबॉलची कार्डं कशाला घेतोस? तू डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं खेळत वाढलेला मुलगा. बेसबॉलचा एक सामना तरी पुरता पाहिलास? पण २०२२ मध्ये मिकी मॅन्टलचं १९५२ चं टॉप्स कार्ड १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, ही बातमी तेवढी डोक्यात बसली. ते का गेलं, हे विचारलंस का? त्या वर्षीचा न खपलेला माल टॉप्स कंपनीच्या साय बर्जरने १९६० मध्ये समुद्रात बुडवला. घरोघरच्या आयांनी उरलेला केरात टाकला. तुझ्या खोक्यात आहेत १९८७ ची लाकडी चौकटीची टॉप्स. ती गठ्ठ्यांनी छापली गेली, आणि पुढे सोनं होईल म्हणून लोकांनी जपून ठेवली. कुणी फेकलीच नाहीत. सगळ्यांनीच जपलेल्या वस्तूला भाव कुठून येणार?

या छंदातली भावांची पुस्तकं काढणारा जेम्स बेकेट संख्याशास्त्राचाच प्राध्यापक होता. लोकांना विचारून, आकडे जमवून त्याने भाव काढले. तू काय जमवतोस? ईबेवर कुणीतरी मागितलेली किंमत बघतोस आणि मनात मांडे खातोस. विकल्या गेलेल्या मालाचे भाव तिथेच दिसतात, एक खूण केली की झालं. ती खूण तू करत नाहीस. का करत नाहीस, हे तुला नीट माहीत आहे. मॅजिक या खेळाची साधी कार्डं दुकानदार हजाराला चार-पाच डॉलरने घेतात. तुझ्या अडीच हजारांचे झाले दहा-बारा. तेही ओळीने लावून, मोजून, नेऊन दिलीस तर.

'पैसे चांगल्या कामाला जातात ना, सर.' जातात. गुडविल त्यातून लोकांना काम शिकवतं. मग सरळ चेक फाड! दानाच्या आडून जुगार कशाला खेळतोस?

आता गॅरेजमधल्या त्या पाच खोक्यांचं बोलू. वेळ मिळत नाही म्हणतोस. बोली लावायला रात्री साडेअकराला जागा राहतोस, चिकटपट्टी कापायला वेळ नाही? खरं सांगू? ती खोकी बंद आहेत तोवर त्यांत पहिल्या आवृत्तीचा शिक्का असलेलं कार्ड 'असू शकतं'. उघडलीस की आकडा निघेल. आकड्याची भीती वाटते म्हणून तू सहावं खोकं मागवलंस. हा आळस नाही, हे मला कळतं. आळशी असतास तर मी इतका चिडलो नसतो.

शनिवारी बस. पोकेमॉनच्या कार्डांवर कोपऱ्यातली खूण बघ: गोल, चौकट, चांदणी. तीन ढीग कर. चांदणीवाली उजेडासमोर धर. फार उजेड आरपार आला तर नकली असल्याची शंका घे. दुमडलेली, रबर लावून कडा कापल्या गेलेली वेगळी काढ, आणि त्यांना प्रतवारीसाठी पीएसएकडे पाठवायच्या गोष्टी मला सांगू नकोस. मग वहीत डावीकडे दिलेले पैसे लिही, टपालासकट. उजवीकडे विकून खरोखर हातात काय येईल ते लिही, ईबेचं कमिशन वजा करून.

रविवारी रात्री फोन कर. 'साधारण', 'अंदाजे', 'पुढेमागे' हे शब्द ऐकले तर मी फोन ठेवीन. आणि तोवर नवी बोली लावलीस, तर फोनच करू नकोस.