जास्त आले तर विचारावे का?

माझ्या पगारात 3,200 रुपये वाढले आणि का वाढले ते कुणी सांगितले नाही. पत्र नाही, बोलावणे नाही; स्लिपवर ‘स्पेशल अलाउन्स’ अशी एक नवी ओळ, बस्स. लखनौत चिनहटला देवा रोडलगत आमचे छोटे खासगी हॉस्पिटल आहे, तिथे मी आयसीयूत नर्स आहे. अकाउंट्सचे बाबू म्हणाले, “मिल गया तो रख लीजिए सिस्टर, ऊपरवाले की मेहरबानी समझिए.” हाच रस्ता पुढे हाजी वारिस अली शाहांच्या दर्ग्याकडे, देवा शरीफला जातो. मेहरबानी हा शब्द इथे कुणाच्याही तोंडी असतो.

आमचे मामा, म्हणजे सासरे, मूळचे विट्याकडचे. लखनौच्या चौकात गलाईच्या दुकानात सोन्याचा टंच काढण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी गीतेच्या चौथ्या अध्यायातला यदृच्छालाभ काढला: न मागता आले त्यात समाधान मानावे, उकरत बसू नये. त्यांच्यापुढे मी फारसे बोलत नाही. पण त्याच श्लोकात मत्सर नसावा, साधले काय नि फसले काय, मन सारखे राहावे, असेही आहे. ते मामा हळूच गाळतात. 3,200 कापले गेले असते तर मी ड्युटी संपायच्या आत अकाउंट्सच्या खिडकीशी उभी असते. कमी आले की हिशेब आणि जास्त आले की ईश्वरेच्छा, हे कसले समत्व?

वॉर्डात आम्ही असे करत नाही. पाळी बदलताना फेंटानिलच्या ॲम्प्यूल दोघी मिळून मोजतो आणि रजिस्टरवर दोघींच्या सह्या होतात. एक कमी भरली तर आरडाओरडा होतोच, पण एक जास्त भरली तरी कुणी घरी जात नाही. कारण जास्तीची ॲम्प्यूल म्हणजे कदाचित कुणाला तरी डोस दिलाच गेलेला नाही. कागदावर दिलाय, आणि पेशंट कळ सोसत पडलाय. शिल्लक कुठून आली हे शोधायचे ते यासाठी.

आमच्या केरळच्या सिस्टरने मत्तयच्या शुभवर्तमानातली द्राक्षमळ्याची गोष्ट सांगितली. सकाळपासून राबलेल्यांना एक दिनार, दिवस मावळताना आलेल्यांनाही एक दिनारच. मालकाचा पैसा, मालकाची मर्जी. गोष्ट मला आवडते. पण त्या मालकाने सगळ्यांदेखत मजुरी वाटली आणि कुरकुर झाली तेव्हा समोर उभे राहून उत्तर दिले. आमच्याकडे पगार एकमेकींना सांगू नका अशी ताकीद आहे.

खरी बोच तिथे आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये सांगितल्यावर केंद्राने खासगी रुग्णालयांतल्या नर्सच्या पगारासाठी समिती नेमली. तिने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही नर्सला महिना किमान 20,000 द्यावेत अशी शिफारस केली. आमच्या खाटा पन्नासच्या आतच, आणि नव्या मुली त्या आकड्याच्या पुष्कळ खाली. मग माझी वाढ कशाबद्दल? कामाबद्दल असेल तर त्यांच्याही रात्रपाळ्या आहेत. गप्प राहण्याबद्दल असेल तर ते मला आधी कळायला हवे. आणि चूक असेल तर 1872 च्या करार कायद्याचे कलम 72 सरळ सांगते की चुकून मिळालेला पैसा परत करायचा; तो खर्चून बसण्यात शहाणपण नाही.

एचआरच्या मॅडमनी विचारले, “कम आया है क्या?” नाही म्हटले. “तो फिर शिकायत क्या है?” तक्रारीच्या फॉर्मवर जास्तीसाठी रकाना नव्हता, म्हणून साध्या कागदावर दोन प्रश्न लिहून दिले: वाढ कशाबद्दल, आणि सगळ्यांना की मला एकटीला? शिक्क्यासह पोच घेतली.

एकटीलाच, असे उत्तर आले तर काय करशील, असे मामांनी विचारले. म्हटले, पुढचा अर्ज मुलींच्या पगाराचा. त्यावर सही करताना अलाउन्स जाण्याची भीती वाटणार, तीही आत्ताच वाटायला लागलीय, हेही त्यांना सांगून टाकले.