ऑनर, मान आणि शिरपामाळ

'ऑनर' हा इंग्रजी शब्द मुळात लॅटिन. 'होनोस' किंवा 'होनोर' हे त्याचे लॅटिन रूप जुन्या फ्रेंचमधून इंग्लंडात पोचले आणि साधारण तेराव्या शतकाच्या आरंभापासून इंग्रजी लेखनात दिसू लागले. शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' इंग्रजीत लिहिला जातो, पण उच्चारला जात नाही. ही त्या फ्रेंच मुक्कामाची खूण आहे.

रोमन लोकांच्या तोंडी या शब्दाचा एक अगदी व्यवहारी अर्थ होता: लोकांनी निवडून दिलेले पद. खालच्या पदापासून कॉन्सलपदापर्यंतच्या चढत्या वाटेला ते 'कुर्सुस होनोरुम', म्हणजे मानांची वाटचाल, म्हणत. होनोस ही त्यांची देवताही होती. मार्सेलस या सेनापतीने होनोस आणि वीर्तुस, म्हणजे मान आणि शौर्य-सद्गुण, या दोघांना एकाच गाभाऱ्यात बसवायचे ठरवले, तेव्हा पुरोहितांनी हरकत घेतली. एक गाभारा दोन देवांना वाहता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अखेर वीर्तुससाठी शेजारी वेगळे मंदिर जोडून बांधावे लागले. मान आणि गुण शेजारी राहतात, पण एकाच खोलीत राहतीलच असे नाही. या शब्दाचा पुढचा सारा इतिहास हीच गोष्ट सांगतो.

इंग्रजीत या शब्दाला दोन मोठ्या फांद्या फुटल्या. पहिली बाहेरून मिळणाऱ्या मानाची: पदवी, किताब, सलामी, 'ऑनरेबल' हे संबोधन, 'ऑनर्स'ची परीक्षा. दुसरी आतल्या सचोटीची: दिलेला शब्द पाळणे, विश्वासाला जागणे. प्रामाणिक या अर्थाचा 'ऑनेस्ट' हा शब्दही त्याच मुळाचा आहे. बँकेतल्या व्यवहारात दुसरी फांदी आजही जिवंत दिसते. चेक वटला नाही तर कायद्याच्या मराठीत 'धनादेशाचा अनादर (डिसऑनर) झाला' असे म्हणतात. दिलेला शब्द पाळला गेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

मराठीत या शब्दाच्या सर्वांत जवळ येतो तो 'मान'. तो संस्कृत 'मन्', म्हणजे मानणे, समजणे, या धातूपासून आला. कोणीतरी कोणाला काही मानतो, तेव्हाच मान जन्माला येतो. गळ्याच्या मागच्या बाजूची 'मान' हा मात्र वेगळा शब्द असून तो संस्कृत 'मन्या'पासून आला. व्युत्पत्ती वेगळी असली तरी भाषेने दोघांना एकमेकांजवळ आणले. मान राखला की मान ताठ राहते. मान गेला की मान खाली जाते. मानकरी, मानपान, मानपत्र, मानधन, मानाची पालखी, लग्नातला मानाचा फेटा, पत्रिकेवर नावाआधी छापलेले 'मा.' हा सगळा संसार याच शब्दाचा. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या १९११ सालच्या 'संगीत मानापमान'चा विषयही मान धनाला की शौर्याला, हाच.

यातून एक जुना तात्त्विक प्रश्न उभा राहतो: मान नेमका कोणाचा? देणाऱ्याचा की घेणाऱ्याचा? ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पहिल्याच भागात त्याचा विचार केला आहे. मान हे जीवनाचे अंतिम ध्येय होऊ शकत नाही, कारण तो घेणाऱ्यापेक्षा देणाऱ्यांवर जास्त अवलंबून असतो, असे त्याचे मत. जे खरोखर आपले आहे ते सहजी काढून घेता येऊ नये. मान मात्र ज्यांनी दिला तेच परत घेऊ शकतात.

पालघर जिल्ह्यातल्या जव्हारजवळचे शिरपामाळ या प्रश्नाचे बोलके उदाहरण आहे. जव्हार हे महादेव कोळी समाजातल्या मुकणे घराण्याचे संस्थान. दिल्लीच्या सुलतानाने १३४३ साली या घराण्यातल्या नेमशहाला राजा म्हणून मान्यता दिली, असे त्याच्या इतिहासात नोंदले आहे. शिवाजी महाराजांची फौज सुरतेला पोचली ती जानेवारी १६६४ मध्ये. त्या वाटेवर जव्हारच्या या माळावर महाराजांचा मुक्काम पडला, राजे विक्रमशहा यांनी त्यांचे स्वागत केले आणि त्यांच्या मस्तकी मानाचा शिरपेच चढवला, अशी तिथली परंपरा आहे. माळाचे नाव त्यावरूनच पडले.

'शिरपेच' आणि 'शिरपाव' हे दोन्ही शब्द फारसीतून आले. सरपेच म्हणजे पागोट्यावर बांधायचा दागिना. सरोपा म्हणजे डोक्यापासून पायांपर्यंतचा मानाचा पोशाख. मराठीने 'सर'चे 'शिर' केले आणि ते परके शब्द घरचे वाटू लागले. शिरपेच चढवण्याची कृती जवळून पाहिली तर मानाचे स्वरूप कळते. देणाऱ्याला दोन्ही हात वर न्यावे लागतात, घेणाऱ्याला मस्तक किंचित पुढे करावे लागते. एकाचे हात आणि दुसऱ्याचे मस्तक यांचा मेळ बसल्याशिवाय शिरपेच बसत नाही. त्या वेळी महाराजांचा राज्याभिषेक व्हायला दहा वर्षे अवकाश होता. तो ६ जून १६७४ रोजी झाला. म्हणजे हा मान सिंहासनाला नव्हे, माणसाला दिलेला होता.

दोनच वर्षांनी, मे १६६६ मध्ये, आग्र्याला औरंगजेबाच्या दरबारात याच मानाची दुसरी बाजू दिसली. महाराजांना त्यांच्या योग्यतेखालच्या रांगेत उभे केले गेले. त्यांचा संताप पाहून बादशहाने मानाचा पोशाख देऊ केला. महाराजांनी तो नाकारला. वस्त्र मौल्यवान होते आणि देणारा हिंदुस्थानचा बादशहा होता, तरीही त्यातून मान निर्माण झाला नाही. ॲरिस्टॉटलच्या म्हणण्याला इथे एक जोड द्यावी लागते: मान देणाऱ्याच्या हाती असतो, पण तो मान ठरतो घेणाऱ्याने स्वीकारल्यावरच. मनापासून मानल्याशिवाय दिलेला शिरपाव हे नुसते कापड असते.

मानाने सत्तेचे प्रश्न सुटत नाहीत, हेही जव्हारच्या इतिहासात दिसते. १६७२ मध्ये मोरोपंत पिंगळे यांच्या मराठी फौजेने जव्हार जिंकून घेतले. माळावरच्या भेटीला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती. पुढे इंग्रजी अमलात मानाचे थेट मोजमाप झाले. बडोदे आणि ग्वाल्हेरला २१ तोफांची सलामी, कोल्हापूरला १९, जव्हारला ९. स्वतंत्र भारताने ही मोजदाद बंद केली. संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले, आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपले.

मानाचा सर्वांत घातक अर्थ वर्तमानपत्रांत 'ऑनर किलिंग' या जोडशब्दाने येतो. मुलीने स्वतःच्या पसंतीने लग्न केले म्हणून तिचा जीव घेणे आणि त्याला घराण्याची इज्जत म्हणणे, हा या शब्दाचा अपमान आहे. अशा हत्यांत सन्माननीय असे काहीही नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ च्या एका निकालात स्पष्ट म्हटले आहे. इथे चूक मुळातच आहे. मान ही दुसऱ्याने आपल्याला द्यायची गोष्ट. ती दुसऱ्याच्या देहातून, त्याच्या आज्ञाधारकपणातून वसूल करता येत नाही. वसूल केलेला मान म्हणजे भीती.

भारतीय धर्मविचाराने मानाच्या लालसेवर नेमके बोट ठेवले आहे. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे मोजताना पहिले लक्षण येते ते 'अमानित्व', म्हणजे मानाची इच्छा नसणे. ज्ञानेश्वरांनी त्यावर विस्ताराने लिहिले आहे. असा माणूस मानाने अवघडतो आणि कौतुकापासून दूर राहू पाहतो, असे ते चित्र आहे. विष्णुसहस्रनामात तर अमानी, मानद आणि मान्य ही तीन नावे लागोपाठ येतात. अमानी म्हणजे मान न मागणारा, मानद म्हणजे दुसऱ्याला मान देणारा, मान्य म्हणजे मानास पात्र. या क्रमात एक पूर्ण विचार दडला आहे: जो मागत नाही आणि देतो, तोच पात्र ठरतो. आज मराठीत 'मानद' हा शब्द 'ऑनररी' या अर्थाने, बिनपगारी पदासाठी वापरला जातो. त्याचा मूळ अर्थ त्याहून मोठा होता.

आधुनिक काळाने या मानाला आणखी एक पाया दिला. काही मान मिळवावा लागतो, पण एक प्रतिष्ठा अशी आहे जी जन्मतःच प्रत्येकाची असते. जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७८५ मध्ये किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला: ज्याला किंमत असते त्याच्या जागी दुसरे काही ठेवता येते, माणसाच्या जागी काहीच ठेवता येत नाही. भारताच्या संविधानाची उद्देशिका 'व्यक्तीची प्रतिष्ठा' म्हणते ती हीच. ती तोफांनी मोजली जात नाही, आणि कोणाच्या शिरपेचाची वाट पाहत नाही.

म्हणून प्रश्नाचे उत्तर असे देता येते: प्रतिष्ठा प्रत्येकाची, सचोटी ज्याची त्याची, आणि मान देणाऱ्याचा. माणसाच्या पूर्णपणे हाती असते ते मान देणे, मिळवणे नव्हे. जव्हारजवळच्या त्या माळाला महाराजांचे नाव नाही आणि विक्रमशहांचेही नाही. त्याचे नाव आहे एका माणसाने दुसऱ्याला मनापासून दिलेल्या मानाचे.