तारण व त्याचा विसार



आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत एक प्रश्न वारंवार कानी येतो. बाप्तिस्मा होऊन वर्षे लोटली, तरी घरातला आजार सरत नाही, डोक्यावरचे कर्ज फिटत नाही, आणि भावाविषयीचा जुना राग मनातून जात नाही. तर मग आमचे तारण झाले म्हणावे की नाही? हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हे. विचारणारा पुष्कळदा आपले सोयरेधायरे दुरावून प्रभूच्या मागे आलेला असतो. म्हणून पहिल्या ख्रिस्ती लोकांनी तारणाचा अर्थ काय जाणला होता, हे आपण शोधून पाहू.

फिलिप्पै नगरातील बंदिशाळेच्या नायकानेही पौल व सीला ह्यांस तारणाविषयीच विचारिले. ही हकीकत प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायात आहे. मध्यरात्री भूमिकंप होऊन दारे उघडली, तेव्हा कैदी पळाले असे समजून तो तरवारीने आपला प्राण घेणार होता. प्रभू येशूवर विश्वास ठेव, एवढेच त्यास सांगण्यात आले; दुसरे काही मोल त्याजपाशी मागितले नाही. परंतु पुढे काय झाले तेही आपण पाहावे. ज्याने त्यांचे पाय खोड्यात अडकविले होते, त्यानेच त्या रात्री त्यांच्या जखमा धुतल्या; मग त्याचा बाप्तिस्मा झाला, आणि त्याने त्यांस घरी नेऊन जेवू घातले. इ. स. ४०० च्या सुमारास ख्रिसोस्तम ह्या उपदेशकाने ह्या अध्यायावर बोलताना दोन धुण्यांची जोड दाखविली: एक जखमांचे, दुसरे पापांचे.

नव्या करारातील मूळ ग्रीक भाषेत तारण्यासाठी जो शब्द आहे, तोच आजाऱ्यास बरे करणे व बुडत्यास वाचविणे ह्यांसाठीही योजिला आहे. बारा वर्षे रक्तस्रावाने पिडलेली स्त्री बरी झाली तेथे तो आहे, आणि पेत्र लाटांत बुडू लागून ओरडला तेथेही तोच आहे. तेव्हा तारण म्हणजे केवळ मरणानंतर दाखवावयाची चिठ्ठी नव्हे. मोडलेला मनुष्य देवाच्या हातून सबंध होणे, हे तारण होय.

हे काम एका दिवसात पुरे होते काय? पौल एफिसकरांस तारण झालेले आहे असे लिहितो. करिंथकरांस ते होत आहे असे लिहितो. आणि रोमकरांस ते पूर्वीपेक्षा जवळ आले आहे असे लिहितो. ह्या तिन्ही गोष्टींचा मेळ त्यानेच एका बाजारातल्या शब्दाने घातला आहे. पवित्र आत्मा हा आपल्या वतनाचा विसार आहे, असे तो म्हणतो. विसार म्हणजे काय, हे आपणांस कोणी शिकवावयास नको. बैलाचा सौदा ठरला की घेणारा विसार देतो. बाकीची रक्कम पदरात पडावयाची असली तरी सौदा पक्का होतो. येथे विसार देणारा देव आहे, आणि तो आपला शब्द फिरवीत नाही. शिवाय विसाराचा रुपया व मागाहून येणारे रुपये एकाच टाकसाळीचे असतात. आज देवाने जी थोडी प्रीती, जी थोडी क्षमा आपल्या पदरात टाकिली आहे, ती त्याच स्वर्गीय धनापैकी आहे.

हा विसार मनुष्याजवळ आहे की नाही, हे प्राचीन मंडळी पाहत असे. रोमच्या हिप्पोलितसाच्या नावाने चालत आलेल्या जुन्या नियमग्रंथात शिकाऊ लोकांस तीन वर्षे शिक्षण द्यावे असे आहे. तरी काळापेक्षा आचरण पाहावे, असेही त्यात सांगितले आहे. बाप्तिस्म्यापूर्वी विचारीत, ह्याने विधवांचा मान राखिला काय? आजाऱ्यांस भेट दिली काय? कर्मांनी तारण विकत मिळते म्हणून हे विचारीत नसत. झाड जिवंत आहे की नाही हे पालवीवरून कळते, म्हणून विचारीत. इ. स. २५२ च्या सुमारास कार्थेज नगरात मोठी मरी पसरली, तेव्हा कुप्रियन अध्यक्षाने मंडळीस बोध केला की, केवळ आपल्याच लोकांची नव्हे, तर छळणाऱ्यांचीही सेवा करा.

तेव्हा, हे श्रांत बंधो, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे: ख्रिस्ताने तुझे तारण केले आहे, तो ते करीत आहे, आणि तो ते पुरे करील. आजार राहिला म्हणून त्याने तुला टाकिले असे समजू नको. मात्र तो जुना राग तसाच जपून ठेवू नको. ज्या भावाशी तू बोलत नाहीस, त्याच्या दारी ह्या आठवड्यात जा. आणि उपदेशक बंधूंनो, बाप्तिस्म्यासाठी येणाऱ्यांस केवळ पाठ म्हणावयास लावून थांबू नका. त्यांस बरोबर घेऊन आजाऱ्याच्या घरी जा.

ज्याने आपणांमध्ये हे काम आरंभिले, तो प्रभू ते सिद्धीस नेवो. आमेन.