वायफाय आणि कार्यकारणभाव

सेलू तालुक्यातील वालूर गावी, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा अधिकृत आधार संपल्यावर एखाद्या घरातील संगणकावर नवी प्रणाली चढवली जावी आणि लागलीच वायफाय वारंवार तुटू लागावे, की दोष प्रणालीचाच, असा निवाडा मन देऊन टाकते. आधी घडले तेच कारण, हा काकतालीय तर्क नैयायिकांना, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांना, पुरेसा वाटत नसे. ते अन्वयासोबत (कारण असता कार्य असणे) व्यतिरेकाचीही (कारण नसता कार्य नसणे) साक्ष मागत. त्याच राउटरवर मोबाईल अखंड चालत असेल, तर राउटरवरचा संशय बराच ओसरतो. तोही अडखळत असेल, तर प्रणालीविरुद्धची फिर्याद तूर्त तहकूब ठेवावी. राउटर निर्दोष ठरला, तर वायफाय कार्डाचा पूर्वीचा ड्रायव्हर परत बसवावा, वीज वाचवण्यासाठी ते कार्ड बंद करण्याची संगणकास असलेली मुभा काढून घ्यावी, ५ गिगाहर्ट्झऐवजी भिंती अधिक सहज भेदणारा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा निवडून पाहावा. मात्र एका वेळी एकच, कारण तिन्ही उपाय एकदम केल्यास जोडणी सुधारेल, पण कारणाचे ज्ञान होणार नाही. गुण येणे आणि सत्य कळणे यांतील हा भेद मला धर्मजिज्ञासेइतकाच गंभीर वाटतो. नवसानंतर गुण आला म्हणून तो फेडणाऱ्या भाविकाची कृतज्ञता मला वंद्यच आहे. तिला कारणाच्या शोधाची भीती का वाटावी, हे मात्र मला अद्याप उमगलेले नाही.