सही माझी, हात कुणाचा?

दर जानेवारीत आणि जुलैत आमच्या सोसायटीचा 'बी' फॉर्म अग्निशमन दलाकडे जातो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ प्रमाणे तो द्यावाच लागतो. परवानाधारक एजन्सी यंत्रणा तपासून दाखला देते आणि सोबतच्या पत्रावर सेक्रेटरी म्हणून मी सही करतो.

त्या सहीत खोटं काही नाही. फायरचे सिलिंडर जागेवर असतात, गेजचा काटा हिरव्या पट्ट्यात असतो, पिनेचं सील शाबूत असतं. पण मी हमी घेतो ती नळकांड्याची. ते उचलणाऱ्या माणसाचं काय?

तो माणूस कोण, हे माझ्या मनात केव्हाच ठरून गेलेलं आहे. वॉचमन. त्याची ड्युटी बारा तासांची, चार महिन्यांत माणूस बदलणार, आणि सिलिंडरवरच्या सूचना इंग्रजीत. इमारतीत ज्याच्या हाती सगळ्यांत कमी पैसे ठेवतो, त्याच्याकडूनच सगळ्यांत मोठ्या धाडसाची अपेक्षा करतो. असा ठराव सभेत मांडायची मला लाज वाटेल. न मांडता तो चालू आहे.

आणि त्याला काय काय ठाऊक असायला हवं? आधी माणसं बाहेर काढायची, १०१ ला फोन लावायचा. आग नुकतीच लागलेली, कचऱ्याच्या डब्याएवढी असेल तरच सिलिंडरला हात घालायचा. दार पाठीशी ठेवून दोन-तीन मीटरवर उभं राहायचं, पिन ओढायची, नोझल ज्वाळेच्या शेंड्याकडे न रोखता बुडाशी रोखायचं आणि दांडा दाबून डावीउजवीकडे फिरवायचं. सहा किलोची एबीसी पावडर वीसेक सेकंदांत संपते. तेवढ्यात आग आवरली नाही, तर मागे सरत बाहेर पडायचं. कढईतल्या पेटलेल्या तेलावर जवळून फवारा मारला तर तेच तेल अंगावर उडतं. तिथे गॅस बंद करून झाकण घालावं. गळत्या गॅसचा जाळ मात्र गॅस बंद करता येत नसेल तर विझवूच नये, कारण गॅस खोलीत साठत जातो आणि मग होतो तो भडका. मीटर रूमपाशी असतो तो कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. त्याला गेजच नसतो, तो वजनावर तपासतात. त्याचा कर्णा चालू असताना इतका गार पडतो की धरलेल्या हाताला इजा होते, आणि कोंदट जागेत फवारा मारणाऱ्याचाच जीव गुदमरू शकतो. यातलं एक अक्षरही आम्ही वॉचमनला सांगितलेलं नाही.

१९४४ साली मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकिन' जहाजाचे स्फोट झाले, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलला मी ग्रुपवर हात जोडलेलं चित्र टाकतो. आग विझवणं हेच ज्यांचं काम, अशी ती माणसं होती. आमच्या वॉचमनची नेमणूक फाटक उघडायला झालेली आहे.

सिलिंडर चालवायच्या प्रात्यक्षिकाला कोणी येत नाही, ही माझी नेहमीची सबब. ती टिकत नाही. गणपतीच्या आरतीला हेच अंगण भरतं, कारण त्यासाठी मी दारोदार फिरतो. खरी गोष्ट अशी की प्रात्यक्षिक ठेवलं तर सगळ्यांसमोर सिलिंडर मला उचलावा लागेल, आणि दुसऱ्याने उचलायची वस्तू म्हणूनच मी त्याच्याकडे पाहत आलो.

यात खर्चाचाही प्रश्न नाही. मुदत संपत आलेले सिलिंडर रिफिलिंगला जातात, तेव्हा आतली पावडर तशीही बदलायचीच असते. तुमच्या सोसायटीचे सिलिंडर यंदा जायचे असतील, तर नेणाऱ्याला आधी अंगणात थांबवा आणि त्याच्या देखरेखीखाली ते तिथेच चालवून रिकामे करा. पहिला सिलिंडर सेक्रेटरीच्या हाती द्या.