आईबापांचा मान

मननासाठी वचने : निर्गम २०:१२, लेवीय १९:१४, ३२, मार्क ७:९-१३

वडीलधाऱ्यांचा मान राखणे हे मुलांचे कर्तव्य आहे काय, असे कोणी भर मंडळीत विचारले, तर लहानथोर सर्व जण होय म्हणतील. शब्बाथशाळेतील लेकरूही पाचवी आज्ञा तोंडपाठ म्हणून दाखवील. परंतु ज्या गोष्टीस आपण इतक्या सहज होय म्हणतो, तिचीच आपल्या घरांत फार हयगय होते. म्हणून देवाने ही आज्ञा मुळात कोणास दिली, याचा आपण प्रथम विचार करू.

सीनाय पर्वताच्या पायथ्याशी लेकरे होती हे खरे; परंतु खून, व्यभिचार व लोभ यांविषयीच्या आज्ञा पाळण्यातील बाळांसाठी नव्हत्या. त्या कर्त्या स्त्रीपुरुषांस दिल्या होत्या, आणि आईबापांच्या मानाची आज्ञा त्यांच्याच ओळीत बसलेली आहे. हे लोक मिसरातून नुकतेच सुटून आले होते. फारोच्या राज्यात माणसाची किंमत त्याने दिवसाकाठी पाडलेल्या विटांवरून ठरत असे. अशा लोकांस देवाने सांगितले की, ज्या म्हाताऱ्याच्या हातून आता एकही वीट पडणार नाही, त्याचाही मान राखिला पाहिजे. इब्री भाषेत 'मान देणे' या शब्दाच्या मुळाशी वजनाचा अर्थ आहे. आणि अनुवाद २७:१६ यात आईबापांचा अपमान करणाऱ्यावर जो शाप सांगितला आहे, तेथे त्यांस हलके लेखण्याचा अर्थ आहे. आपणही म्हणतोच की, अमक्याच्या शब्दाला घरात वजन आहे. तर प्रश्न असा की, ज्याची कमाई थांबली त्याच्या शब्दाचे वजन आपल्या घरात किती उरते?

इचलकरंजीच्या व आसपासच्या खेड्यांतील बंधुभगिनींस हा प्रश्न फार जवळचा आहे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी या गावी पहिला यंत्रमाग बसविला. जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी उद्योगास आश्रय दिला, आणि पंचगंगेच्या काठचे हे गाव वाढत वाढत वस्त्रनगरी म्हणून प्रसिद्धीस आले. या मागांवर हजारो संसार उभे राहिले, मुलांची शिक्षणे झाली, मुलींची लग्ने झाली. परंतु ज्याने तीस-चाळीस वर्षे धोट्याच्या खडखडाटात पाळी केली, त्याच्या कानांनी त्याची किंमत भरली आहे. मागाच्या अखंड आवाजाने विणकऱ्याचे ऐकणे हळूहळू मंद होते, आणि गेलेले ऐकणे औषधाने परत येत नाही.

आता त्या म्हाताऱ्याच्या घरात काय घडते ते पाहा. तो एकच गोष्ट दोनदा विचारतो. पहिल्या वेळी त्यास उत्तर मिळत नाही, आणि दुसऱ्या वेळी मिळते ते वसकन अंगावर आल्यासारखे. जुने माग मोडीत काढावयाचे, नवे घ्यावयाचे, नातीचे लग्न ठरवावयाचे, हे सर्व त्याच्यादेखत बोलले जाते. परंतु त्यास कोणी सांगत नाही. "त्यांना काय ऐकू येतंय!" असे म्हणून मुले मोकळी होतात. अहो, ज्याच्या कानांच्या मोलाने या घराच्या भिंती उभ्या राहिल्या, त्यालाच बहिरा म्हणून बाजूस बसवावे काय? लेवीय १९ व्या अध्यायात बहिऱ्याची निंदा करण्यास देवाने मनाई केली आहे, आणि त्याच अध्यायात पुढे वृद्धापुढे उठून उभे राहण्यास सांगितले आहे. दोन्ही ठिकाणी देव आपले भय धरण्यास सांगतो. बहिऱ्याने ऐकले नाही तरी देवाने ऐकलेले असते.

कोणी म्हणेल, आम्ही त्यांस दोन वेळचे जेवण घालतो. ठीक आहे, तेवढे तर सरकारही करविते. २००७ साली आपल्या देशात आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा झाला. साठ वर्षांवरील माणसास आपला निर्वाह करता येत नसेल आणि मुले विचारीत नसतील, तर त्यास प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणापुढे अर्ज करता येतो, आणि दरमहा १०,००० रुपयांपर्यंत रक्कम मुलांकडून देवविता येते. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेले घर, अट न पाळल्यास, रद्दही करविता येते. असा कायदा करावा लागला ही आपणा सर्वांस लाज आणणारी गोष्ट आहे; तरी ज्या म्हाताऱ्यास दुसरा आधार नाही, त्याने संकोच न धरता त्याचा आश्रय घ्यावा. परंतु कायदा ताटात भाकर वाढवू शकतो. ती भाकर आदराने वाढावी, असे कोणतेही न्यायाधिकरण करवू शकत नाही. तेथे प्रभूचे वचन पाहिजे.

प्रभू येशूने परूश्यांस कुर्बानाविषयी दिलेला दोष या ठिकाणी ध्यानात घ्यावा. आईबापांस द्यावयाचे ते देवास वाहिले आहे, असे म्हणून ते लोक आपल्या हाताची मूठ आवळीत आणि वर धार्मिक म्हणवीत. जो भाऊ उपासनेच्या वर्गणीत पुढे असतो व ज्याच्या आईची डोळ्यांची औषधे चार महिने संपलेली असतात, त्याने मार्काचा सातवा अध्याय पुन्हा वाचावा. पौलानेही तीमथ्यास लिहिताना घरच्यांची काळजी न घेणाऱ्यास विश्वास नाकारणारा म्हटले आहे. आणखी एक चुकवाचुकव आहे. आईबाप मुलाचे, परंतु सेवा सुनेची! आज्ञा मुलास झाली. ती बायकोच्या खांद्यावर टाकून तो सुपुत्र म्हणून मिरवितो. ज्याची आई, त्याने तिचे पाय चेपावे; आणि सुनेलाही तिचे आईबाप आहेत हे विसरू नये.

तथापि एक कठीण शंका राहते. बाप दारुडा असेल, आईचे वागणे अन्यायाचे असेल, तर काय? पवित्र शास्त्र असे म्हणत नाही की, वडील म्हणतील ते सर्व योग्य. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात आज्ञापालन प्रभूमध्ये करण्यास सांगितले आहे, आणि मुलांस चिडविण्यास बापांस मनाई केली आहे. दारूस पैसे नाकारणे, मारहाणीपासून आईस वा लेकरांस दूर नेणे, हा वडिलांचा अपमान नव्हे. परंतु बापाचे दोष चावडीवर बसून हसत सांगणे हा मात्र अपमान आहे. नोहाच्या दोघा पुत्रांनी बापाच्या मद्यपानास चांगले म्हटले नाही. त्यांनी केवळ त्याची लाज झाकली.

आईबापांहून वेगळी वाट धरूनही त्यांचा मान राखिता येतो, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. पंडिता रमाबाईंचे आईवडील दुष्काळाच्या दिवसांत हालअपेष्टा भोगून वारले. रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. वडिलांचा धर्म त्यांनी सोडिला. परंतु १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांचे इंग्रजी पुस्तक निघाले, ते त्यांनी आपल्या आईच्या, लक्ष्मीबाईंच्या, स्मृतीस वाहिले. कारण आईनेच त्यांस संस्कृत शिकविले होते. ख्रिस्ती झाले म्हणजे आईबाप सुटतात, असा दोष आपल्या पहिल्या विश्वासणाऱ्यांवर पुष्कळदा आला. त्या दोषाचे उत्तर वादाने देता येत नाही, वर्तनाने देता येते. आणि शेजारी आजही आपल्या घरांकडे पाहत आहेत.

बंधूंनो, वधस्तंभावर खिळे ठोकलेले असता आपल्या प्रभूने खाली उभी असलेली आई पाहिली आणि तिची सोय एका शिष्याकडे लाविली. सर्व जगाच्या पापाचा भार वाहताना त्यास आईचा भार जड झाला नाही. मग रात्रपाळी करून थकलो, ही आपली सबब त्याच्यापुढे कशी टिकेल? यास्तव या आठवड्यात प्रत्येकाने एवढे करावे. माग बंद झाल्यावर म्हाताऱ्याच्या समोर जाऊन बसावे, म्हणजे त्यास आपले ओठ दिसतील. हळू व स्पष्ट बोलावे. घरात काय चालले आहे ते त्यास सांगावे, त्याचे मत विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत थांबावे. हा मान देण्यास पैसा लागत नाही, वेळ लागतो. आणि या आज्ञेस देवाने दीर्घायुष्याचे अभिवचन जोडिले आहे. ज्या देवाने आपली प्रत्येक हाक ऐकिली, तो आपणांस ऐकू न येणाऱ्यांशी धीराने बोलण्याची कृपा देवो. आमेन.